गुडघ्याचा आतला बंध : खानदेशातील आखाडा, हाडवैद्य आणि शल्यचिकित्सा

गुडघा दुखावलेल्या माणसाची अवस्था सांगण्यास मराठी बोलीला आजवर तीन-चार शब्द पुरत आले आहेत. गुडघा लचकला, मुरगळला, शीर सरकली, आणि अगदीच गंभीर प्रकार असला तर सांधा निखळला. इतर मराठी मुलखाप्रमाणे खानदेशातही हेच शब्द रूढ आहेत. या शब्दांतून दुखापत किती मोठी आहे हे काहीसे कळते. परंतु गुडघ्यातील नेमके काय दुखावले आहे, हे मात्र मुळीच कळत नाही. गुडघ्याच्या दुखापतीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती हीच. आखाड्यातील वस्तादांनी नोंदवह्या ठेवल्या नाहीत, हाडवैद्यांनी रुग्णांच्या याद्या केल्या नाहीत, आणि जुन्या सरकारी दवाखान्यांच्या वर्गीकरणात अशा दुखापती 'मुरगळणे' या एकाच सदराखाली सहज मावून जात. यास्तव या विषयात शब्द, रूढ उपचार आणि शरीररचना ही तीन साधने एकमेकांशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

शब्दांचा घोटाळा याहूनही खोल आहे. आज मराठीत 'स्नायू' म्हणजे आकुंचन पावणारे मांस, असा अर्थ शाळेतील मुलासही ठाऊक असतो. सुश्रुतसंहितेत मात्र मांसाला 'पेशी' म्हटले असून 'स्नायु' हा शब्द हाडांना व सांध्यांना बांधून ठेवणाऱ्या तंतुमय बंधांकरिता योजिला आहे. स्नायुरज्जूंचाही त्यातच समावेश होतो. शारीरस्थानात अशा नऊशे स्नायूंची गणना असून त्यांपैकी प्रत्येक गुडघ्याच्या वाट्यास दहा आले आहेत. पुढे फळ्यांच्या नावेचा दृष्टांत येतो: नाव जशी अनेक बंधांनी आवळलेली असल्यामुळे भार वाहू शकते, तसे शरीर स्नायूंनी बांधलेल्या सांध्यांमुळे भार सहन करते. हाडापेक्षाही स्नायूची इजा अधिक अपायकारक, असाही त्या ग्रंथाचा अभिप्राय आहे. अर्थपालटाचा परिणाम असा झाला की, अर्वाचीन मराठी वाचक हा भाग वाचताना मांसाविषयीचे विवेचन वाचत असल्याच्या समजुतीत राहतो आणि बंधांविषयी प्राचीनांनी केलेला विचार त्याच्या नजरेतून निसटतो. मधल्या काळात बंधाला स्वतंत्र नावच न उरल्यामुळे 'शीर' या शब्दाने रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि बंध या तिन्हींचे काम एकट्याने केले. अलीकडे ही उणीव 'लिगामेंट' या शब्दाने भरून काढली असून जळगाव-धुळ्याकडील खेळाडूंच्या तोंडी तो आता मराठी शब्दासारखाच बसला आहे.

येथे ज्या बंधाचा विचार करावयाचा आहे तो गुडघ्याच्या आतल्या अंगाचा, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडील बाजूचा पार्श्वबंध होय. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आतल्या बाजूस जो उंचवटा असतो तेथून निघून हा रुंद, चपटा पट्टा सांध्याच्या रेषेखाली सुमारे सहा-सात सेंटिमीटरवर नडगीच्या हाडाशी रुजतो. त्याचा वरचा थर लांब असून खालचा थर आखूड आहे व तो सांध्यातील अर्धचंद्राकृती कूर्चेला चिकटलेला असतो. पाय जमिनीत घट्ट रोवलेला असता गुडघ्यावर बाहेरून आघात झाला, किंवा मांडी आत आणि नडगी बाहेर अशी ओढ बसली, म्हणजे या पट्ट्यावर ताण येतो. काही तंतू ताणले गेले तर पहिली प्रत, पुष्कळसे तुटले तर दुसरी, आणि पट्टा सर्वस्वी तुटला तर तिसरी, असे आजचे वर्गीकरण आहे. यात एक विलक्षण गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अर्धवट तुटलेला बंध पूर्ण तुटलेल्या बंधापेक्षा पुष्कळदा अधिक दुखतो, कारण पूर्ण तुटल्यावर ताण बसण्यास तंतूच शिल्लक राहत नाहीत. फारसे दुखत नाही म्हणून उठून पुन्हा जोड खेळू पाहणारा मल्ल हा कधीकधी सर्वांत जास्त दुखावलेला असतो.

अशी दुखापत होण्याचे प्रसंग खानदेशाच्या जीवनात विपुल होते आणि आहेत. पावसात काळ्या चिकट मातीत पाऊल रुतलेले असता डोक्या-खांद्यावर भार घेऊन वळणारा शेतमजूर, रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घड वाहणारा माणूस, बैलाच्या धडकेने कोलमडलेला गाडीवान, हुतुतूत मांडीला मिठी पडल्यावरही रेषेकडे झेपावणारा गडी, हे सर्व या दुखापतीचे संभाव्य धनी. परंतु तिची खरी शाळा म्हणजे कुस्तीचा आखाडा. एकेरी पट काढताना चाल करणारा मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या एका पायाला भिडतो आणि सारा भार त्या गुडघ्यावर घालतो. पाय मातीत रुतलेला असला म्हणजे गुडघा आत ढकलला जातो. टांग लावली असता पाय अडकून धड वळले तरी तेच. आखाड्यातील भुसभुशीत माती पडणाऱ्याची पाठ वाचविते हे खरे, पण तीच माती पाऊल धरून ठेवते. गादीवरील कुस्तीत बुटाची पकड वेगळी, वेग अधिक. परंतु बंधाच्या दृष्टीने विशेष सुटका तेथेही नाही.

खानदेशाचे कुस्तीशी नाते जुने आहे. १९०६ साली या जिल्ह्याची पूर्व व पश्चिम अशी वाटणी झाली; त्यांचेच पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे झाले, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. १९६१ साली 'महाराष्ट्र केसरी' किताबाची कुस्ती सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, तिचे अधिवेशन धुळ्यास भरले व भगवान मोरे यांनी किताब जिंकला. १९६६ साली जळगाव आणि १९७७ साली चाळीसगाव यांना तो मान मिळाला. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी या गावच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे हा किताब पटकावला, तेव्हा सबंध खानदेशाने तो आपलाच विजय मानला. परंतु किताबांच्या यादीत ज्यांची नावे येत नाहीत, अशा मल्लांचा इतिहास अधिक मोठा आहे. यात्रेच्या दंगलीत मिळणाऱ्या इनामावर ज्याचा खुराक चालतो, त्याच्या गुडघ्याचे एक वर्ष गेले की बहुधा कुस्तीच जाते. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचीही पुढची ऑलिंपिकची वाट गुडघ्याच्या दुखापतीनेच अडविली. जेथे अशा मल्लाची ही गत, तेथे तालुक्याच्या पहिलवानाची काय कथा.

हा पहिलवान दुखावल्यावर जात होता वस्तादाकडे किंवा हाडवैद्याकडे. पुष्कळ ठिकाणी या दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे असत. व्यायामशाळा आणि अस्थिचिकित्सा यांचा हा संबंध पश्चिम भारतात सर्वांत ठळक दिसतो तो बडोद्यास. जुम्मादादांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांची ख्याती व्यायामाचार्य म्हणून जितकी होती तितकीच हाडे व सांधे बसविणारे म्हणूनही होती. त्यांच्यापाशी १९०७ ते १९१० या काळात शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून विख्यात झालेले गृहस्थ, हे खानदेशात अमळनेरला आले आणि १९१६ मध्ये खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून त्यांनी योगक्रियांची क्ष-किरणादी साधनांनी तपासणी आरंभिली. गुडघ्याच्या बंधांवर त्यांनी काही लिहिले म्हणून हा उल्लेख नव्हे. तालमीत मुरलेल्या विद्येला प्रयोगशाळेच्या कसोटीस लावण्याची जी वृत्ती त्यांच्या ठायी पुढे दिसते, तिचा एक मुक्काम अमळनेर होता, एवढे येथे नोंदविणे उचित होईल. हाडवैद्याच्या विद्येला मात्र अशी कसोटी फार काळ लाभली नाही.

ती विद्या होती तरी काय? तिचे स्वरूप महाराष्ट्रात बहुतेक सर्वत्र सारखे आहे. प्रथम बोटांनी चाचपून कळ कोठे आहे ते पाहणे. मग आंबेहळद, रक्त्याबोळ, मैदालकडी, गूळ-चुना अशा द्रव्यांचा ऊन लेप. त्यावर एरंडाचे किंवा निरगुडीचे पान. वरून कापडाची पट्टी आणि गरज वाटल्यास बांबूच्या कामट्या. काही दिवसांनी पट्टी सोडून शेक, तेल, आणि हळूहळू पाय वाकवणे. या क्रमाचे मूळ थेट सुश्रुतापर्यंत नेण्याचा मोह अनेकांना होतो. साम्य आहे, यात संशय नाही: चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेत ओढणे, दाबणे, जुळविणे आणि बांधणे हाच क्रम आहे; सैल बांधल्याने सांधा स्थिर राहत नाही व घट्ट बांधल्याने सूज आणि वेदना वाढतात, हा इशारा आहे; थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी बदलावी, असा नियमही आहे. गुडघ्याच्या मर्मास इजा झाल्यास लंगडेपणा येतो, असेही तो ग्रंथ सांगतो. तथापि ग्रंथातील वचन आणि खेड्यातील हात यांच्यामध्ये कोणती परंपरा अखंड वाहत आली हे दाखविणारे दुवे हाती नसताना, साम्यावरून वंशावळ रचणे हे इतिहासाचे काम नव्हे.

लेपाचे मोल द्रव्यांच्या गुणांपेक्षा त्याच्या कडक होण्यात अधिक असावे. वाळलेला लेप व कामट्या मिळून गुडघ्याला एक साधा आधार तयार होतो. तो डाव्या-उजव्या बाजूस होणारी हालचाल आवरतो आणि वाकण्यास थोडी मोकळीक देतो. आतल्या पार्श्वबंधाला नेमके हेच हवे असते. हा बंध सांध्याच्या पोकळीबाहेर आहे. सभोवारच्या मऊ भागांतून त्याला रक्ताचा पुरवठा चांगला होतो. तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकते आणि तिच्यातून नवे तंतू विणले जातात. मनुष्याने गुडघा आत ढकलला जाऊ दिला नाही, तर हा बंध बहुतेक वेळा आपण होऊन जुळतो. हाडवैद्याच्या यशाचा मोठा वाटा या निसर्गदत्त गुणाचा आहे, असे म्हटल्यास त्याच्या हातगुणाचा अपमान होत नाही. कारण निसर्गाला आडवे न जाणे हेही कसबच आहे, आणि ते पदवीधर शल्यवैद्यांनाही सर्वकाळ साधलेले नाही.

पाश्चात्य वैद्यकाचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. इंग्लंडातही हाडे बसविणाऱ्या घराण्यांचा आणि पदवीधर डॉक्टरांचा झगडा होता. १८६७ साली सर जेम्स पॅजेट यांनी हाडे बसविणारे ज्या रुग्णांना बरे करतात त्यांविषयीच एक व्याख्यान दिले, आणि त्यांची निंदा करण्यापूर्वी त्यांच्यापासून घेण्याजोगे काय आहे ते पाहावे, असा सूर लावला. पुढे १८७१ मध्ये व्हार्टन हूड या डॉक्टरने ती कला एका जाणकाराकडून शिकून तिच्यावर पुस्तकच लिहिले. मौज अशी की लिव्हरपूलच्या अशाच एका घराण्यातील ह्यू ओवेन थॉमस पदवी घेऊन डॉक्टर झाले, आणि त्यांनी मात्र दीर्घ व अखंड विश्रांतीचा कट्टर पुरस्कार केला. त्यांच्या नावाची पायपट्टी आजही रुग्णालयांत दिसते. १८५२ च्या सुमारास डच लष्करी शल्यवैद्य मॅथाइसेन यांनी प्लास्टरची पट्टी प्रचारात आणली होती. तिच्या जोरावर विश्रांतीचे हे तत्त्व जगभर पसरले. गुडघा लचकला की मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, आणि सहा आठवड्यांनी ते काढल्यावर काठीसारखा ताठ, मांस झडलेला पाय: दोन पिढ्यांच्या रुग्णांना हे दृश्य परिचयाचे होते.

त्यापुढचे वळण शस्त्रक्रियेचे. १९३८ साली स्वीडनचे ईव्हार पाल्मर यांनी गुडघ्याच्या बंधांवर जो प्रबंध लिहिला त्यात ताज्या दुखापतीत बंध शिवून टाकण्याची शिफारस होती. १९५० मध्ये अमेरिकेतील ओडोनह्यू यांनी खेळाडूंच्या बाबतीत हेच मत हिरिरीने मांडले. आतला पार्श्वबंध, कूर्चा आणि सांध्यातील पुढचा स्वस्तिकबंध ही तिन्ही एकदम फाटण्याच्या प्रकाराकडे त्यांनी लक्ष वेधले, आणि ती दुर्दैवी त्रयी वैद्यकात प्रसिद्ध झाली. पुढील पंचवीस-तीस वर्षे पूर्ण तुटलेला आतला बंध म्हणजे शस्त्रक्रिया, असे समीकरण होऊन बसले. १९७८ मध्ये फेटो व मार्शल यांनी आणि १९८३ मध्ये इंडेलिकाटो यांनी रुग्णांचे निष्कर्ष तपासले, तेव्हा हे समीकरण डळमळले. बंध एकटाच तुटला असेल तर टाके घातलेल्या आणि न घातलेल्या गुडघ्यांत फरक जवळजवळ नव्हता. आज अशा गुडघ्याला बिजागरीचा पट्टा बांधतात, लवकर वाकवतात, मांडीचे स्नायू बळकट करतात, आणि पहिल्या प्रतीस दोन-तीन आठवडे तर तिसऱ्या प्रतीस दोन महिने वा अधिक काळ देतात. म्हणजे शल्यशास्त्र मोठा वळसा घालून पुन्हा आधार आणि हालचाल यांच्यापाशी आले. कामट्यांची जागा धातूच्या बिजागरीने घेतली.

येथवरचा वृत्तांत वाचून हाडवैद्याचा पक्ष सिद्ध झाला असे कोणी समजेल, तर ती घाई ठरेल. बंध एकटा तुटला असेल तर, ही अटच या इतिहासाचा कणा आहे. सांध्याच्या आतला पुढचा स्वस्तिकबंध सांध्यातील द्रवात बुडालेला असतो. तेथे गुठळी टिकत नाही आणि तुटलेली टोके सहसा जुळत नाहीत. दोन्ही बंध तुटलेल्या पहिलवानाला लेप लावून दोन महिन्यांनी आखाड्यात उतरविले, तर आतली बाजू घट्ट झालेली असते, चालताना फारसे जाणवत नाही, आणि पहिल्याच पटात गुडघा दगा देतो. प्रत्येक दग्यासरशी कूर्चा चुरडत जाते. पस्तिशीतच त्याचे गुडघे म्हाताऱ्याचे होतात. ज्या हाताने दहा गुडघे बरे केले त्याच हातावरील विश्वासामुळे अकरावा गुडघा कायमचा गेला, असा हा पेच आहे. बोटांनी चाचपून बाहेरचा बंध कळतो. आतला कळण्यास नडगी पुढे ओढून पाहण्याची विशिष्ट परीक्षा हवी आणि ती रूढ विद्येत नव्हती. इजेनंतर काही तासांतच गुडघा रक्ताने टम्म फुगणे ही आतल्या बंधाच्या नाशाची मोठी खूण. परंतु 'शीर सरकली' या निदानात तिला वेगळे स्थान नव्हते.

मर्दनाचाही प्रश्न आहे. ताज्या जखमेवर जोराने चोळण्याची रीत आखाड्यात सर्रास होती. तुटलेल्या तंतूंना तिने आराम मिळत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. मांडीच्या हाडाच्या आतील उंचवट्यापाशी दुखावलेल्या बंधात चुना साठून हाडासारखा खडा तयार होतो, असे १९०५ मध्ये इटलीचे पेलेग्रिनी यांनी आणि १९०८ मध्ये जर्मनीचे श्टीडा यांनी दाखविले. वारंवार होणारा आघात हे त्याचे एक कारण मानले जाते. घट्ट पट्टीने रक्ताभिसरण थांबून पाय गमावल्याची उदाहरणे भारतातील शल्यवैद्यांनी वेळोवेळी नोंदविली आहेत, हेही विसरता येत नाही.

मग खानदेशातील माणूस डॉक्टरकडे का गेला नाही? याचे उत्तर अज्ञानात शोधण्यापूर्वी अंतरात शोधावे. धुळ्याला १९०० साली चाळीसगावहून रेल्वेचा फाटा आला, आणि तेथून गाडी बदलून मुंबई गाठता येऊ लागली. पण मोडलेल्या गुडघ्यानिशी तो प्रवास, सोबतीला एक माणूस, आणि मुंबईतला मुक्काम, हे कापसाच्या हंगामातील मजुरीवर जगणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. जिल्ह्याच्या रुग्णालयात क्ष-किरणयंत्र आले तरी त्यात हाड दिसे, बंध दिसत नसे. हाड मोडलेले नाही, काही झालेले नाही, असा निर्वाळा घेऊन बाहेर पडलेला रुग्ण सरळ हाडवैद्याच्या ओसरीवर जाई. निदान तेथे कोणी दुखण्याला नाव तरी देत असे. १९३८ च्या मुंबई वैद्यकव्यवसायी कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू झाली आणि १९६१ मध्ये महाराष्ट्राचा तसाच कायदा झाला. परंतु पदवी किंवा ग्रंथाध्ययन नसलेला हाडवैद्य त्या चौकटीबाहेरच राहिला. त्याला शिकविण्याची सोय कोणी केली नाही.

धुळ्यास १९८९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, जळगावला २०१८ साली. बंध दाखविणारी चुंबकीय प्रतिमा जगात १९८० नंतरच्या दशकात रुळली आणि हळूहळू जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचली. तरीही पहिली परीक्षा यंत्राची नव्हे, हातांचीच राहिली आहे. गुडघा तीस अंशांत वाकवून नडगी बाहेर ढकलली असता आतली फट उघडली तर आतला पार्श्वबंध गेला. पाय अगदी सरळ असतानाही ती उघडली तर त्याच्या जोडीला आणखी काही गेले आहे. दुसऱ्या प्रकारातील रुग्णाला आधी पट्टा बांधून बाहेरचा बंध जुळू देतात आणि मग स्वस्तिकबंधाची पुनर्रचना करतात. नडगीकडील टोक तुटून शेजारच्या स्नायुरज्जूंवर चढून बसले, तर मात्र ते आपण होऊन जागेवर येत नाही. तेथे शस्त्रच लागते.

पट्ट्याचे दिवस बहुधा यात्रांच्या हंगामात येतात. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे उष्णतामान पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाते. बिजागरीच्या पट्ट्याखाली घाम साचतो, कातडी सोलवटते, आणि रुग्ण तो रात्री काढून ठेवतो. उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंधन सोडून पुन्हा बांधण्याचा जुना नियम ज्या ऋतूसाठी होता, तो हाच.